उंदराच्या जबड्यातला इतिहास

सस्तन प्राण्यांचा इतिहास एकाच हाडाच्या आधारे सांगायचा झाला, तर मी खालचा जबडा निवडेन. डायनासोरांच्या काळातील बहुतेक सस्तन प्राणी आपल्याला ठाऊक आहेत ते दातांवरून आणि जबड्याच्या तुकड्यांवरूनच, कारण दातावरचे एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असतो आणि बाकीचा सांगाडा मातीत नाहीसा झाला तरी दात उरतो. पण माझ्या निवडीचे कारण तेवढेच नाही. चावणे, दूध पिणे आणि ऐकणे ही आपल्या वर्गाची तीन वैशिष्ट्ये वरवर पाहता एकमेकींपासून दूरची वाटतात. प्रत्यक्षात तिन्हींचा उगम जबड्याच्या घडणीत सापडतो, आणि ज्या प्राण्याच्या जबड्यात मला हे सर्वांत स्पष्ट दिसते तो प्राणी उंदीर आहे. नाशिकमध्ये प्राणिशास्त्र शिकवताना मुलांसमोर मी वाघाची किंवा हत्तीची नव्हे, तर उंदराची कवटी ठेवत असे, ती याच कारणाने.

या कवट्या मिळवण्यासाठी उंदीर मारावा लागत नाही. दिंडोरी तालुक्यात माझ्या मावसभावाची द्राक्षबाग आहे आणि तिच्या कडेला एक जुनी शेड आहे, जिच्या पत्र्याखाली गव्हाणी घुबडांची जोडी राहते. हे घुबड उंदीर सहसा अख्खाच गिळते. मांस पचते, पण केस आणि हाडे पचत नाहीत, आणि काही तासांनी ते या न पचलेल्या भागाचा चार-पाच सेंटिमीटर लांबीचा काळसर गोळा ओकून टाकते. पक्षिनिरीक्षक त्याला पेलेट म्हणतात. पेलेट कोमट पाण्यात भिजत घातले आणि चिमट्याने केस बाजूला केले की आत स्वच्छ, पांढरी, न मोडलेली हाडे मिळतात. हे काम मला मनापासून आवडते, आणि प्राणिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते एकदा तरी करावे असे मला वाटते, कारण पुस्तकातील आकृतीत जबडा नेहमी बाजूने दिसतो, तर हातात घेतलेला जबडा सर्व बाजूंनी पाहता येतो.

पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी की खालच्या जबड्याचे दोन भाग सुटे निघतात. माणसात ते जन्मानंतर वर्षभरात हनुवटीपाशी जुळून एकजीव होतात. उंदरात तसे होत नाही आणि दोन्ही बाजू किंचित स्वतंत्रपणे हलू शकतात. यातील एक भाग बोटांत धरून पुढचा पटाशीचा दात हळूच ओढला, तर तो संपूर्ण बाहेर येतो, आणि मग कळते की हिरडीबाहेर दिसत होता तो त्याचा अगदी थोडा भाग होता. उरलेला दात कमानीसारखा वळून, दाढांच्या मुळांखालून, जबड्याच्या पार मागच्या भागापर्यंत गेलेला असतो. त्याचे मूळ कधीच बंद होत नाही. मुळाशी असलेल्या पेशी उंदीर जिवंत असेपर्यंत नवा दात घडवत राहतात आणि दात आठवड्याला सुमारे दोन ते तीन मिलिमीटर पुढे सरकत राहतो.

या दाताचा पुढचा पृष्ठभाग पिवळसर नारिंगी असतो. तो मळ नव्हे. उंदराच्या शरीराने एनॅमलमध्ये मुद्दाम साठवलेल्या लोहामुळे तो रंग येतो, आणि त्या लोहामुळे एनॅमल अधिक कठीण आणि आम्लापुढे अधिक टिकाऊ होते. एनॅमल फक्त पुढच्या बाजूला असते. मागची बाजू डेंटिनची, म्हणजे तुलनेने मऊ असते आणि ती लवकर झिजते. सुतार पटाशीला एकाच बाजूने घासून धार लावतो, तेच इथे दात स्वतःच करून घेतो: मागचा मऊ भाग झिजतो, पुढचा कठीण भाग उभा राहतो आणि कड कायम धारदार राहते. उंदीर काही कुरतडले नाही तर त्याचे दात वाढून तो मरतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. समोरासमोरचे दात एकमेकांवर घासूनही तो धार आणि लांबी राखतो. दात वेडेवाकडे येऊन समोरासमोर जुळले नाहीत, तेव्हा मात्र वाढ थांबवायला काहीच उरत नाही.

एकूण दात फक्त १६. वर दोन, खाली दोन पटाशीचे, आणि मागे प्रत्येक बाजूला वर-खाली तीन-तीन दाढा. सुळे नाहीत, उपदाढा नाहीत, आणि मधे मोठी मोकळी जागा. ही मोकळी जागा निरुपयोगी नसते. कुरतडताना ओठांच्या बाजूच्या घड्या या जागेतून आत ओढल्या जातात आणि तोंडाचा मागचा भाग बंद होतो, त्यामुळे लाकूड, माती किंवा प्लॅस्टिक कुरतडले तरी त्याचा चुरा घशात जात नाही. जबड्याचा सांधाही पुढे-मागे सरकणारा असतो. जबडा पुढे सरकला की पटाशीचे दात भिडतात आणि दाढा सुटतात. मागे आला की दाढा भिडतात आणि पटाशीचे दात सुटतात. कुरतडणे आणि चावणे ही दोन वेगळी कामे एकच यंत्रणा आळीपाळीने करते.

नाशिकच्या द्राक्ष उत्पादकाला या यंत्रणेचा परिचय वेगळ्या मार्गाने होतो. उन्हाळ्यात ठिबकच्या नळ्या जागोजागी फोडलेल्या सापडतात. माझा मावसभाऊ एकदा वैतागून म्हणाला, "ताई, पाण्यासाठी फोडतात म्हणावं तर बांधावर भांडं भरून ठेवलंय, तरी नळीच का?" मी त्याला फुटलेल्या नळीचा तुकडा भिंगाखाली दाखवला. दोन-दोन समांतर खोबण्यांच्या जोड्या, काही रुंद, काही अरुंद. रुंद खोबण्या घुशीच्या असाव्यात आणि अरुंद खारीच्या किंवा लहान उंदराच्या. पाण्याचा वास आणि नळीतील ओलावा हे एक कारण आहेच, पण कुरतडता येईल अशी वस्तू वाटेत आली की ती दातांनी तपासून पाहणे हीच या प्राण्यांची परिसर जाणून घेण्याची रीत आहे, आणि ज्या दातापुढे टणक कवचाचे बी टिकत नाही त्याच्यापुढे प्लॅस्टिकची नळी काय टिकणार?

विषाबद्दलही इथेच बोलले पाहिजे, कारण त्यामागेही शरीररचना आहे. उंदराला उलटी करता येत नाही. त्याच्या जठर आणि अन्ननलिकेच्या मधला अडसर फार घट्ट असतो, आणि उलटीसाठी लागणाऱ्या स्नायूंच्या हालचाली घडवून आणणारी मेंदूतली जोडणीच त्याच्याकडे नसते. पोटात गेलेले विष बाहेर टाकता येत नसल्यामुळे तो नव्या अन्नाबाबत विलक्षण सावध असतो. आधी कणभर चाखतो, वाट पाहतो, त्रास झाला तर ते अन्न पुन्हा शिवत नाही. म्हणूनच झिंक फॉस्फाइड वापरण्याआधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवण्याचा सल्ला कृषी विभाग देतो. हा सल्ला शास्त्राला धरून आहे. तरीही विष खाल्लेला, मंदावलेला उंदीर पकडणे घुबडाला सर्वांत सोपे जाते, आणि काही विषे त्या उंदरातून घुबडाच्या शरीरातही उतरतात. मला हे फार वाईट वाटते. गावाकडे अजूनही घुबड अशुभ मानले जाते, पण ज्या बागेत पक्षीथांबे लावले आहेत आणि घुबडाला हुसकावले जात नाही, तिथे रात्रभर फुकट पहारा असतो, हे मावसभावाला पटले आहे आणि शेजारच्या दोघांनाही हळूहळू पटू लागले आहे.

पेलेटमध्ये दर वेळी उंदीरच असतो असे नाही. कधीकधी एक चिंचोळी, लांबट कवटी निघते आणि तिचे दात पाहताक्षणी कळते की हा प्राणी वेगळ्या घराण्याचा आहे. पुढे आकड्यासारखा वळलेला वरचा दात, त्याच्याकडे भाल्यासारखा रोखलेला खालचा दात, आणि मागे मोकळी जागा न सोडता टोकदार दातांची सलग ओळ. उंदराच्या कवटीच्या दोन्ही बाजूंना चघळण्याच्या स्नायूंना आधार देणारी गालाच्या हाडाची कमान असते. इथे ती कमानच नसते. ही चिचुंद्री. जुन्या नाशकातल्या वाड्यांत, पंचवटीतल्या गल्ल्यांत रात्री भिंतीच्या कडेने चिकचिक करत पळणारी, अंगाला उग्र दर्प असलेली, आणि उंदीर समजून झाडूने मारली जाणारी. ती धान्याच्या पोत्यापाशी दिसली तरी तिचे लक्ष झुरळांवर आणि किड्यांवर असते. कपडे आणि लाकूड कुरतडण्यासारखे दातच तिला नाहीत. पिल्ले बाहेर पडतात तेव्हा पहिले पिल्लू आईच्या शेपटीच्या बुडाशी तोंडाने धरते, दुसरे पहिल्याला, तिसरे दुसऱ्याला, आणि सगळी रांग एकसंध भिंतीकडेने जाते. ज्याने ही रांग एकदा पाहिली आहे त्याचा झाडू पुन्हा उचलला जाऊ नये, अशी माझी इच्छा आहे. उंदराच्या उलट चिचुंद्रीला उलटी करता येते, आणि म्हणूनच मळमळ आणि उलटी थांबवणाऱ्या औषधांच्या संशोधनात उंदराऐवजी तिचा उपयोग केला जातो.

नात्याचा प्रश्न इथे खरा रंगतो. दिसण्यावरून उंदीर आणि चिचुंद्री जवळचे वाटतात, पण जनुकांची तुलना करून २००१च्या सुमारास सस्तन प्राण्यांची जी वंशावळ मांडली गेली आणि पुढच्या अभ्यासांनी जी पक्की केली, तिच्यात चिचुंद्रीची शाखा वटवाघूळ, मांजर, गाय आणि घोडा यांच्या बाजूला जाते. उंदराची शाखा ससा, माकड आणि माणूस यांच्या बाजूला येते. म्हणजे वाड्याच्या एकाच भिंतीच्या कडेने धावणाऱ्या या दोन प्राण्यांपैकी उंदीर चिचुंद्रीपेक्षा त्या वाड्यात झोपलेल्या माणसाला जवळचा आहे. शिकवताना या वाक्यावर वर्गात नेहमी थोडा वेळ शांतता पसरत असे, आणि मग प्रश्न सुरू होत. सशाला मात्र पूर्वी कृंतकांतच, म्हणजे उंदीर, खार, साळिंदर अशा कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातच, गणले जाई. त्याच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे लहान दातांची दुसरी जोडी असते, आणि १९१२ मध्ये त्याला स्वतंत्र गण मिळाला.

या सर्वांच्या मागे, २० कोटी वर्षांहून अधिक जुन्या काळात, ज्या पूर्वजांपासून सस्तन प्राणी झाले त्यांचा खालचा जबडा एका हाडाचा नव्हता. दात धरणारे एक हाड पुढे आणि मागे लहान-लहान हाडांची जुळणी, असा तो होता, आणि कवटीशी त्याचा सांधा मागच्या लहान हाडांनी केलेला होता. सरड्यांत आणि पक्ष्यांत तो आजही तसाच आहे. आपल्या पूर्वजांत दात धरणारे हाड पिढ्यान्‌पिढ्या मोठे होत गेले, मागची हाडे लहान होत गेली, आणि अखेर त्या मोठ्या हाडाने कवटीशी स्वतःचा नवा सांधा केला. मॉर्गन्युकोडॉन या लहानशा प्राण्याच्या जीवाश्मात जुना आणि नवा असे दोन्ही सांधे शेजारी शेजारी काम करताना दिसतात. सांध्याच्या कामातून मोकळी झालेली लहान हाडे टाकली गेली नाहीत. ती आवाजाची कंपने आधीपासून वाहत होतीच. ती कानात गेली आणि हातोडी व ऐरण झाली. रिकीब तेवढे तिथे पूर्वीपासून होते. कार्ल राइशर्ट या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने डुकराच्या गर्भांचा अभ्यास करून १८३७ मध्येच हे नाते दाखवले होते, म्हणजे डार्विनचा उत्क्रांतीचा ग्रंथ येण्याच्या २२ वर्षे आधी. माणसाच्या गर्भातही हातोडी जबड्यातल्या कूर्चेच्या मागच्या टोकातूनच घडते. उंदीर सुमारे ८० किलोहर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकतो आणि संकटात २२ किलोहर्ट्‌झच्या आसपास इशारा देतो, जो आपल्याला मुळीच ऐकू येत नाही. शेडमध्ये आपल्याला शांतता वाटते तेव्हाही तिथे पुष्कळ बोलणे चाललेले असू शकते, आणि ते ऐकणारी हाडे एके काळी जबड्याची होती.

दुधाचा संबंधही जबड्याशीच आहे. सरपटणाऱ्या प्राण्याचे पिल्लू अंड्यातून बाहेर आल्याबरोबर स्वतः शिकार करते, म्हणून त्याला पहिल्या दिवसापासून दात लागतात, आणि जबडा वाढत जाईल तसे ते आयुष्यभर बदलावे लागतात. सतत बदलणाऱ्या दातांच्या वरच्या-खालच्या उंचवट्यांचा अचूक मेळ बसत नाही. दूध पिणाऱ्या पिल्लाला मात्र दात नसले तरी चालते. जबडा बराचसा वाढून घेतो, मग दात येतात, आणि जेमतेम दोनदा येऊन आयुष्यभर पुरतात. वरची दाढ खालच्या दाढेत नेमकी बसते ती यामुळे. उंदराने तर दुधाचे दातही वगळले. त्याला एकदाच दात येतात आणि तेच शेवटपर्यंत राहतात.

कुरतडण्याचा मार्ग मात्र कृंतकांनी प्रथम शोधला नाही. त्यांच्या कितीतरी आधी, डायनासोरांच्याच काळात, मल्टिट्यूबरक्युलेट नावाचे उंदरासारखे दिसणारे सस्तन प्राणी होते. त्यांनाही पुढे मोठे दात होते, पण चावताना त्यांचा जबडा मागे ओढला जाई, तर कृंतकांचा पुढे ढकलला जातो. खरे कृंतक सुमारे साडेपाच ते सहा कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत दिसू लागतात आणि त्यानंतर मल्टिट्यूबरक्युलेट हळूहळू नाहीसे होतात. आज सस्तन प्राण्यांच्या सुमारे ४० टक्के जाती एकट्या कृंतकांच्या आहेत.

या यशाची किल्ली गालाच्या स्नायूत आहे, आणि तिची तिन्ही रूपे नाशिक जिल्ह्यातच पाहायला मिळतात. खारीत या स्नायूचा बाहेरचा थर डोळ्याच्या पुढे, थेट मुस्कटापर्यंत चढतो आणि कुरतडण्याला जोर देतो. साळिंदरात आतला थर डोळ्यासमोरच्या एका छिद्रातून पुढे जातो. माणसात त्याच छिद्रातून केवळ एक चेतातंतू आणि रक्तवाहिन्या जातात, साळिंदरात मात्र त्यातून आपले बोट जाईल एवढे ते रुंद असते. अंजनेरीच्या वाटेवर साळिंदराची पिसे, म्हणजे रूपांतर झालेले केस, सापडतात. कवटी मला एकदाच, एका विद्यार्थ्याने आणून दिली तेव्हा पाहता आली, आणि त्या छिद्रावरून माझी नजर बराच वेळ हटली नाही. उंदराने या दोन्ही युक्त्या एकत्र केल्या. कवट्यांच्या संगणकीय प्रतिकृतींवर झालेल्या एका अभ्यासात २०१२ मध्ये असे दिसले की खार कुरतडण्यात सरस, साळिंदराच्या घडणीचा गिनीपिग चावण्यात सरस, आणि उंदीर दोन्हींत चांगला. खारीबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रामाने पाठीवरून बोटे फिरवली म्हणून खारीला तीन पट्टे मिळाले ही कथा सेतुबंधाची, म्हणजे दक्षिणेच्या किनाऱ्यावरची, आणि दक्षिण भारतातील खारीच्या पाठीवर खरोखरच तीन पट्टे असतात. पंचवटीत मला दिसत आली आहे ती पाच पट्ट्यांची, वेगळ्या जातीची.

उंदराच्या वरच्या दाढा भिंगाखाली धरल्या तर उंचवट्यांच्या तीन ओळी दिसतात. आतल्या बाजूची तिसरी ओळ हे उंदीर-मूषकांच्या घराण्याचे वैशिष्ट्य आहे, आणि ती घडत असतानाचे टप्पे सापडले ते पाकिस्तानातील पोटवारच्या पठारावर, शिवालिकच्या थरांत. सुमारे १.४ कोटी वर्षांपूर्वीच्या अँटेमस या नामशेष उंदरात ती नुकती अवतरलेली आहे, आणि त्यानंतरच्या प्रोगोनॉमिस या उंदरात ती नीट जुळलेली आहे. या दातांच्या वयावरून मोठा उंदीर आणि घरातला लहान उंदीर यांची फाटाफूट १.१ ते १.२ कोटी वर्षांपूर्वीची धरली गेली, आणि जनुकांतील बदलांचा वेग मोजणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांनी तो आकडा मापदंड म्हणून वापरला.

त्याहून मागचा प्रश्न आपल्या पायाखालच्या खडकाशी येऊन थांबतो. ब्रह्मगिरी, अंजनेरी आणि बागांची काळी माती ज्यापासून झाली तो बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर नाहीसे होण्याच्या काळात लाव्हा म्हणून वाहिला. उंदराचा आणि माणसाचा शेवटचा समान पूर्वज त्याआधीच होऊन गेला, असे जनुकांवरचे अंदाज सांगतात. जीवाश्मांवर भर देणारे काही अभ्यासक ही फाटाफूट लाव्हानंतरची मानतात. या वादात भारताचा एक महत्त्वाचा साक्षीदार आहे. तेलंगणातील नस्कल येथे दोन लाव्हाप्रवाहांमधल्या गाळाच्या थरात डेक्कनोलेस्टिस या चिमुकल्या सस्तन प्राण्याचे दात सापडले आणि १९८८ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. तो आजच्या अपरायुक्त, म्हणजे गर्भाला वारेतून पोसणाऱ्या, सस्तन प्राण्यांपैकीच एक होता, की त्यांच्या मूळ खोडाच्या बाजूची निघून गेलेली शाखा, यावर अजून एकमत नाही. नाशिककडे लाव्हाचे थर जाड आहेत आणि मधले गाळ विरळ. ते अधिक मिळतात पठाराच्या पूर्व आणि दक्षिण कडांना, आणि तिथे संशोधक गाळाची माती पाण्यात विरघळवून, बारीक चाळणीतून काढून, सूक्ष्मदर्शकाखाली एक-दोन मिलिमीटरचे दात अजूनही वेचत आहेत.